गाडीच्या नावाचा पहिला डबा

मित्रांनो, लातूरहून औशाकडे जाताना एखाद्या मोकळ्या रानाच्या कडेला पांढरी, चौकोनी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावलेली एक जुनी गाडी तुम्हाला दिसली असेल. तीच मी. लोक मला घरगाडी म्हणतात. माझ्या पोटात एक पलंग आहे, भांड्यांची फळी आहे, पाण्याची कोठी आहे, छोटी शेगडी आहे आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे देवासाठी एक लहानसा कोनाडा आहे. मोठ्या शहरांतली हौशी माणसे आता अशा गाड्या घेऊन डोंगरात, समुद्रावर राहायला जातात म्हणे. त्यांच्या हौसेला माझा नमस्कार. पण माझ्यात घर बसले ते हौसेने नाही. ते का बसवावे लागले, आणि चाकांवर टिकवायला काय लागले, ते सांगते.

माझा सांगाडा आणि इंजिन पुण्याकडच्या एका कारखान्यात झाले. अंगावर पत्रा चढला तो मात्र नांदेडात. तिथल्या एका संस्थेने खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना डोळ्यांच्या ऑपरेशनला आणण्यासाठी मला बांधून घेतले होते. दोन्ही बाजूंना लांब बाके, वर प्लायवूडचे छत, मोठ्या खिडक्या. येताना माणसे चाचपडत माझ्यात चढायची आणि चार दिवसांनी जाताना डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून, हात जोडून उतरायची. कुणी माझ्या दाराला हात लावून तो हात कपाळाला लावायचे. लहानपणीच एवढा मान मिळाला. तो माझा गुण नव्हता, कामाचा होता.

माझ्या ड्रायव्हरचे नाव रामलिंग. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातला, हसरा, बोलघेवडा माणूस. त्याची बायको केवळाबाई गावी राहायची. तिचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे चालायचे. रामलिंग मला पुसता पुसता सोबत्यांना म्हणायचा, "आमच्या घरी उपास ती करती आन् पुण्य मी खातो. सासूबाईंनी वाटणीच तशी करून दिली."

मग त्र्याण्णव साल आले. गणपती बोळवून माणसे झोपली आणि उजाडायच्या आत जमीन हलली. ते मी पाहिले नाही. मी नांदेडात उभी होते. पण त्याच दिवशी डॉक्टर, घोंगड्या आणि औषधांची खोकी भरून आम्ही निघालो, आणि पुढे जे पाहिले त्याबद्दल मी फार बोलत नाही. आमच्या भागातली जुनी घरे दगडाची. रुंद भिंती, वर लाकडे आणि उन्हाचा ताप लागू नये म्हणून त्यावर मातीचा जाड थर. ज्या ओझ्याने पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली, तेच ओझे खाली आले होते. रामलिंगचे खेडेही त्यात होते. त्याची आई गेली. त्याचा धाकटा मुलगा गेला. केवळाबाईला दुपारी दगडांखालून जिवंत काढले. थोरली मुलगी वर्षाराणी तेवढी निलंग्याला मामाकडे गणपती बघायला गेली होती, म्हणून राहिली.

केवळाबाईची हाडे जुळली. झोप मात्र जुळली नाही. वर छत आले की तिचा श्वास अडायचा. सरकारने पत्र्याच्या शेडी दिल्या, पुढे नव्या गावठाणात पक्की घरे दिली. ती घरात सारवायची, स्वयंपाक करायची, देवापुढे दिवा लावायची, पण पाठ टेकायला बाहेर यायची. पाऊस असला की डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ओट्याच्या पायरीशी बसून राहायची. बाया म्हणायच्या, होईल सवय. सवय झाली ती जागायची.

एकदा रामलिंग तिला लातूरच्या दवाखान्यात दाखवायला माझ्यातून घेऊन निघाला. औसा मागे पडले आणि बाकावर बसलेली केवळाबाई हळूच कलली. झोपली. दवाखाना आला तरी उठली नाही. रामलिंगने मला लिंबाच्या सावलीत उभे केले आणि तोंडावर हात धरून तो चाकाशी बसून राहिला. ऊन कलल्यावर ती जागी झाली, तेव्हा त्याने विचारले, "केवळा, हिच्या वर बी छतच हाय की गं. हितं कशी झोपलीस?"

ती माझ्या प्लायवूडकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही हललेली बरी वाटती. हिचं कामच हाय हलायचं. घर हललं की मरण येतंय, ही हलली की गाव येतंय."

मित्रांनो, त्या दिवशी रामलिंगच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. केवळाबाईला झोप हवी असेल तर तिला चाकांवरचे घर हवे. आणि ड्रायव्हरच्या पगारात गाडी येत नाही.

काही वर्षांनी संस्थेने नवी गाडी घेतली आणि मला विकायला काढले. रामलिंगकडे माझ्या एका टायरचेही पैसे नव्हते. मला लातूरच्या अमृतरावांनी घेतले. त्यांचा बारावीच्या मुलांचा शिकवणी वर्ग होता. तेव्हा लातुरात क्लासचे दिवस नुकते उगवत होते. परभणी, बीड, नांदेड, कुठून कुठून मुले ट्रंका घेऊन उतरायची. डाळमिलच्या मागच्या रिकाम्या खोल्यासुद्धा मुलांनी भरून गेल्या. मी या मुलांना खोलीवरून क्लासला आणि क्लासवरून खोलीवर नेऊ लागले. रामलिंग माझ्याबरोबरच आला. त्याने अमृतरावांना एकच मागणे घातले. "सर, पगार दोन पैसे कमी द्या. पण रात्री गाडी आमच्या खोलीसमोर लागू द्या. आन् इकायची झाली तर आधी मला इचारा." अमृतरावांनी कारण विचारले, ऐकून घेतले आणि मान डोलावली. म्हणाले, "मी भावात काही सोडणार नाही, रामलिंग. बाजारभावाने देईन. पण थांबेन."

औसा रोडला मकबूलभाईचे गॅरेज होते. त्याच्या शेजारी एका निलंगेकराचा मोकळा प्लॉट होता, त्यावर भाड्याची एक खोली. तिथे हे कुटुंब राहू लागले. मी खोलीसमोर. केवळाबाई माझ्या बाकावर झोपायची आणि पहाटे उठून मुलांचे डबे करायची. ज्वारीची भाकरी, वरण, एक भाजी, लसणाची चटणी. घरापासून तुटलेली ती पोरे डबा उघडून आधी वास घ्यायची, असे रामलिंग सांगायचा.

केवळाबाईने माझ्यासाठी व्रत धरले. देवापुढे सुपारी ठेवून ती म्हणाली, "रोजचा पहिला डबा गाडीच्या नावाचा." म्हणजे दिवसाच्या पहिल्या डब्याचे पैसे घरात खर्चायचे नाहीत. मीठ संपो, चप्पल तुटो, त्या पैशाला हात नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मुले गावी गेली की डबे बंद. मग ती उपास करायची आणि स्वतःच्या जेवणाचे पैसे बाजूला टाकायची.

मकबूलभाईची बायको आबेदाभाभी कुंपणावरून हे बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "क्या गे केवळाबाई, पेटकू मारके गाडी लेती क्या? गाडीत बसायला माणूस तरी ठेव जिंदा!"

"देवाचं व्रत हाय, भाभी."

"मेरे भी रोजे रहते ना. लेकिन मैं इफ्तार भी करती! आन् पैसा डब्यात ठेवून वाढतो काय? लोणचं हाय काय ते, मुरायला? माझ्या भिशीत ये."

अशी केवळाबाई भिशीत शिरली. गल्लीतल्या बाया दरमहा पैसे जमवायच्या आणि चिठ्ठी निघेल तिला सगळे एकदम मिळायचे. केवळाबाईची चिठ्ठी निघाली की ते पैसे ती पोस्टात ठेवायची. एका बाजूला भिशी, दुसऱ्या बाजूला पोस्टाचे महिन्याचे खाते. एकदा रामलिंग कुठूनसे एक चकचकीत पत्रक घेऊन आला. दोन वर्षांत दामदुप्पट. त्याचे डोळे चमकत होते. केवळाबाई तव्यावर भाकरी टाकत होती. "येवढ्या लौकर?" ती म्हणाली. "इस्तू मोठा केला की भाकरी वरून करपती, आतून पीठच ऱ्हाती. राहू द्या." रामलिंगने पत्रकाचा बोळा करून माझ्या काचा पुसल्या. पत्रक देणारा माणूस पुढे दिसला नाही.

पैसा सावकाश वाढला. मुले वाढली तसे डबे वाढले, डब्याचा भाव वाढला तसा पहिला डबाही वाढला. नव्या शतकाच्या सुरुवातीला अमृतरावांनी मोठी बस घेतली आणि शब्दाप्रमाणे रामलिंगला बोलावले. बाजारभाव पंचेचाळीस हजार. पोस्टातले, भिशीतले आणि डब्यातले मिळून तेवढे झाले. वर थोडे उरले, त्यात मकबूलभाईने माझे एक बाक काढून पलंग बसवला, फळी ठोकली, कोठी बांधली, कोनाडा केला. मी घरगाडी झाले.

मित्रांनो, आता जी चूक झाली ती सांगते. ती आळसाची चूक नव्हती, उधळेपणाचीही नव्हती. ती फार भाविक चूक होती.

व्रत पूर्ण झाले की उद्यापन करायचे, ही आपली रीत. केवळाबाईने रीतसर उद्यापन केले. उरलेल्या शेवटच्या पैशांत पुरणपोळ्या केल्या, सवाष्णी जेवू घातल्या. आबेदाभाभीलाही मानाने पाटावर बसवले. मला हळदी-कुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले. देवापुढची सुपारी उचलून ती विसर्जन करून आली. मकबूलभाई मात्र पोळी खाता खाता म्हणाला, "बाई, म्हैस तर आली. चारा किधर है?"

"कसला चारा?"

"बिमा, टॅक्स, टायर, बॅटरी, तेल. दोन-अडीच सालांनी पासिंग. ये मुँहवाली चीज है, बाई. उभी राहिली तरी खाती."

"अरे मकबूल, आज नको की बाबा!" रामलिंग हसत ओरडला. "आजच सून घरात आली आन् तू लगेच बाळंतपणाचा खर्च सांगून राहिलास!" सगळे हसले. केवळाबाईही हसली. त्या हशात मकबूलभाईचे बोलणे वाहून गेले.

दुसऱ्या दिवसापासून पहिला डबा हा नुसता डबा झाला. त्याचे पैसे घरखर्चात मिसळू लागले. कुणाला काही वाटले नाही. व्रत संपले होते, देव पावला होता. रामलिंगला दुसरीकडे जीपवर नोकरी लागली. माझ्यात डिझेल टाकायचे कारण उरले नाही. विम्याची तारीख आली आणि गेली. केवळाबाईला मी झोपायला पुरत होते, आणि झोपायला इंजिन कशाला लागते? मी घर झाले होते आणि गाडी राहिले नव्हते.

उभी गाडी कशी मरते, ते तुम्हाला ठाऊक नसेल. आधी बॅटरी उतरते. मग टायर एका बाजूने चपटे होऊन मातीला चिकटतात. नळ्यांतले तेल गोंदासारखे होते. उंदीर वायरी चाखून बघतात. आबेदाभाभीच्या कोंबडीने माझ्या बॉनेटखाली संसार मांडला. एका पावसाळ्यात छताच्या सांध्यातून पाणी गळू लागले, नेमके पलंगावर. केवळाबाई खोलीत जाऊन निजायचा प्रयत्न करायची आणि थोड्या वेळाने घामाघूम होऊन बाहेर यायची. मग माझ्या पायरीवर छत्री धरून बसायची. मला वाटायचे, हिने माझ्यासाठी इतके उपास केले आणि मी हिला कोरडी जागासुद्धा देऊ शकत नाही.

तोवर लातूर पार बदलले होते. क्लासच क्लास, वसतिगृहेच वसतिगृहे. जिथे म्हणून मोकळी जमीन होती तिथे चार मजले उभे राहत होते. एका फाल्गुनात निलंगेकराचा माणूस आला. प्लॉट विकला होता. "अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन हाय. त्याच्या आधी गाडी हलवा. न्हाई तर क्रेननं उचलून भंगारात टाकावी लागंल. आमाला वाईट वाटंल, पर इलाज न्हाई."

भंगारवाला येऊन माझ्याभोवती एक फेरी मारून गेला. त्याने सांगितलेला भाव ऐकून रामलिंग खाली बसला. मग उठून केवळाबाईपाशी आला. "इकून टाकू, केवळा. दुसरीकडं खोली बघू. पत्र्याचीच बघतो, हलकी."

"पत्रा बी भिंतीवरच बसतोय," ती म्हणाली. तेवढेच. आणि धुण्याला लागली.

रामलिंगने मग जागा शोधली. शहराबाहेर किशनराव म्हणून एक शेतकरी होते. त्यांचे रान तूर, हरभरा निघाल्यावर मोकळे पडायचे. त्यांनी साफ सांगितले, "उभी करा की. भाडं नको, बाईमाणसाचं लक्ष ऱ्हातंय रानावर. पर मृग लागायच्या आत रान मोकळं पायजे. पेरणी कुणासाठी थांबत न्हाई. चालती गाडी असली तरच आणा. मेलेली आणून माझ्या रानात पुरू नका." दुसऱ्या शेतकऱ्यांनीही तेच सांगितले. याच्या रानातून त्याच्या खळ्यावर, खळ्यावरून पुढच्या रानात, असे ऋतूप्रमाणे हलत राहिले तर जागेला तोटा नव्हता. फक्त मला चालता यायला हवे होते.

वर्षाराणी तेव्हा अकरावीत होती. तिच्या शिक्षणासाठी पोस्टाची वेगळी बचतपत्रे घेऊन ठेवली होती. ती म्हणाली, "माय, माझी पत्रं मोड. गाडी दुरुस्त कर."

"गप. पोरीचा पैसा पोरीचा."

"मग दुरुस्ती कशातून? तू व्रत सोडलंस म्हणून हे झालं."

केवळाबाईचे पीठ मळणारे हात थांबले. "सोडलं? मी रीतसर उद्यापन केलं. पाच बायांच्या साक्षीनं."

"हाव, केलंस. मग देवापुढच्या दिव्याचं उद्यापन का करीत न्हाईस? रोज तेल घालतीस की."

"दिव्याचं कुठं उद्यापन असतंय, येडे? तेल न्हाई घातलं तर इझून जाईल तो."

बोलून गेली आणि तिथेच थबकली. माझ्याकडे वळून बघितले. माझ्या चपट्या टायरांकडे, गंजलेल्या दाराकडे, कोंबडीकडे. केवळाबाई उठली, हात धुतले, एक नवी सुपारी आणली आणि कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या सकाळी पहिल्या डब्याचे पैसे वेगळे झाले. पण एका डब्याने माझे इंजिन उघडणार नव्हते, आणि तृतीया जवळ येत होती.

ती मकबूलभाईकडे गेली. डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली. "भाई, दुरुस्तीचे समदे पैसे आता न्हाईत. रोज थोडे थोडे देईन."

मकबूलभाई डोके खाजवू लागला. नवे टायर आणि बॅटरी बाहेरून विकत आणायचे होते, ते उधारीवर मिळत नव्हते. तेवढ्यात आतून आबेदाभाभी बाहेर आली. "सुनो जी. आपल्या कारीगरांचं दुपारचं जेवण कोण करतंय? मैं! कंबर टूट गई मेरी. हिला करू द्या. जब तक मजुरी फिटत नाही तब तक डब्बा फुकट. आन् टायरचं म्हणाल तर या महिन्याची भिशी हिला देते मी. नंबर माझा हाय. आधी ती घेईल, नंतर मी घेईन. खैरात नाही गे बाई, तोंड असं करू नको. हप्ता चुकली तर तुझी कोंबडी कापीन!"

"कोंबडी तुमचीच हाय, भाभी," केवळाबाई म्हणाली. डोळे भरले होते, तरी म्हणाली.

मग माझे अंग उघडले गेले. कारीगरांनी नळ्या धुतल्या, वायरी बदलल्या, छताचे सांधे भरले. दुपारी केवळाबाईची भाकरी यायची. तिखट जास्त झाले की ते तक्रार करायचे आणि तरी दुसरी मागायचे. इंजिन मात्र हट्टाला पेटले होते. अक्षय्य तृतीया उजाडली. प्लॉटच्या एका कोपऱ्यात मांडव पडला, भटजी आले, नारळ आले. क्रेनही येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. रामलिंगने चावी फिरवली. मी घरघरले आणि गप्प झाले. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मकबूलभाई बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला होता. केवळाबाई आत पलंगावर बसली होती, कोनाड्याकडे तोंड करून. ती काही मागत नव्हती. तिने एकदाच माझ्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि पुटपुटली, "चुकलं माजं. खायला घालायचं इसरले तुला."

इंजिने माणसांच्या बोलण्याने चालू होत नाहीत, मित्रांनो. मकबूलभाईने डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढली म्हणून मी चालू झाले. काळा धूर पूजेच्या मांडवात गेला, भटजी खोकले, आबेदाभाभीची कोंबडी किंचाळत पळाली. "चल रे, रामलिंग, थांबू नको आता!" मकबूलभाई ओरडला. आम्ही निघालो. क्रेनवाल्याने बाजूला होऊन वाट दिली. किशनरावांच्या रानापर्यंत रामलिंगने कुठेही इंजिन बंद केले नाही. तिथे पोहोचल्यावर केवळाबाई उतरलीच नाही. ती निजली होती.

पुढची वर्षे माझ्या सुखाची. डबे आता माझ्याच शेगडीवर व्हायचे आणि रामलिंग ते लातुरात पोचवायचा. पहिल्या डब्याचे आता तीन वाटे झाले. डिझेल आणि ग्रीसचे पैसे घरात हाताशी. विम्याच्या महिन्यात भिशीची उचल घ्यायची, असे आबेदाभाभीशी ठरलेले. आणि टायर, पासिंग, इंजिनचे मोठे काम, यांसाठी पोस्टाचे खाते. ते मधे मोडायचे नाही. हलायला एक पैसा, कागदपत्रांना एक पैसा आणि मोडेल तेव्हासाठी एक पैसा, असे ती वर्षाराणीला शिकवायची. पासिंगच्या वेळी तपासणाऱ्या साहेबांनी माझे ब्रेक, दिवे बघून विचारले, "एवढी जुनी गाडी कुणी ठेवली अशी?" रामलिंग म्हणाला, "देवाच्या माणसानं." मी मृगाआधी एका रानातून निघायचे, खळ्यावर थांबायचे, सुगीनंतर पुन्हा रानात यायचे. शिकून मोठी झालेली पोरे कधी रस्त्याने जाताना थांबायची आणि माझ्या पायरीवर बसून भाकरी खाऊन जायची.

कुणी बाई विचारायचीच, "केवळाकाकू, किती वर्सं झाली, ह्या व्रताचं उद्यापन कधी?" ती हसून म्हणायची, "गाडी चालती हाय न्हवं अजून? मग व्रत बी चालतं हाय."

दोन हिवाळ्यांपूर्वी केवळाबाई गेली. ताप होता. वर्षाराणी आता नांदेडला दवाखान्यात नोकरी करते. ती धावत आली, वस्तीवरच्या खोलीत खाटेवर घ्या म्हणाली, पण केवळाबाईने मानेनेच नाही म्हटले. माझ्याच पलंगावर, दुपारच्या उन्हात, पडदा हलत असताना ती शांत झाली. झोप लागल्यासारखी. मी ती झोप ओळखत होते.

मला वाटले, आता माझेही झाले. रामलिंगला छताची भीती नाही. तो किशनरावांच्या वस्तीवर पक्क्या खोलीत निजतो. डबे बंद झाले. व्रत करणारी गेली, आणि त्याने तर जन्मात उपास केला नव्हता. उंदरांची वाट बघत मी उभी राहिले.

पण एका सकाळी रामलिंग आला. आंघोळ केलेली, केस ओले. कोनाड्यापुढे अवघडून उभा राहिला. हात कसे जोडायचे तेही त्याला नीट सुचेना. खिशातून दहाची नोट काढून त्याने केवळाबाईच्या पैशाच्या डब्यात टाकली. तो रोज औसा रोडच्या टपरीवर दोन चहा प्यायचा. आता एक पितो. पहिला माझ्या नावाचा. मग त्याने माझे इंजिन चालू करून थोडा वेळ ठेवले, टायरमधली हवा दाबून बघितली.

मागच्या दिवाळीत वर्षाराणी त्याला म्हणाली, "आप्पा, माय न्हाई आता. ह्या गाडीत कुणी निजत बी न्हाई. मग इमा, टायर कशाला? कुणासाठी?"

रामलिंग माझी काच पुसत होता. त्याने फडके खांद्यावर टाकले. मग म्हणाला, "तुज्या मायला समद्या दुनियेत हितंच डोळा लागला, पोरी. ही जागा मोडून कशी देऊ?"

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी कधी माझ्यासारखे चाकांवरचे घर घ्यायचे ठरवाल. अवश्य घ्या. सावकाश पैसा साठवा, लवकर फुगणाऱ्या पैशाच्या मागे लागू नका. पण मला घरी आणाल त्या दिवशी पुरणपोळी खाऊन हात झटकू नका. आणण्याचे व्रत संपते, सांभाळण्याचे संपत नाही. आम्हा मुक्या वस्तूंना कौतुक नको असते. रोजचे थोडे तेल, थोडी हवा आणि कुणीतरी अधूनमधून येऊन विचारावे, चालतेस ना, एवढेच हवे असते.

परवा रामलिंगने चावी फिरवली, तेव्हा मी पहिल्या फटक्यात चालू झाले. तो मागे वळून रिकाम्या पलंगाकडे बघून म्हणाला, "झोप तू. चालती हाय."